मेकअपचा दर एक आणि बिल दुसरंच

ताई,

माझं लग्न 4 महिन्यांवर आलंय. बराचसा खर्च मी स्वतःच्या बचतीतून करतेय, त्यामुळे प्रत्येक गोष्टीचा हिशेब वहीत लिहून ठेवलाय. एका मेकअप आर्टिस्टचं काम फार आवडलं. तिने सांगितलेली रक्कम माझ्या बजेटमध्ये बसत होती, म्हणून लगेच अ‍ॅडव्हान्स देऊन तारीख पक्की केली. गेल्या आठवड्यात तिच्याशी सविस्तर बोलणं झालं, तेव्हा एकेक गोष्ट कळत गेली. ट्रायलचे पैसे वेगळे, हेअरस्टाइलचे वेगळे, येण्याजाण्याचे वेगळे, पहाटे यायचं म्हणून वेगळे, मदतनीस आणली तर तिचेही वेगळे. शिवाय आई, बहीण, मावशी आणि होणारी नणंद यांनाही तिच्याकडूनच तयार व्हायचंय. सगळं धरलं तर मी ठरवलेल्या रकमेच्या दुपटीच्याही वर जातंय. ती मला फसवतेय का? पैशांबद्दल पुन्हापुन्हा विचारायला संकोच वाटतो. त्या दिवशी तिचा मूड बिघडला तर काय, अशीही भीती वाटते. आणि घरच्यांना नाही म्हणायचं तरी कसं?
– वहीवाली

प्रिय वहीवाली,

आधी तुझ्या मनातल्या संशयाबद्दल. पत्रावरून तरी मला यात फसवणूक दिसत नाही. तू विचारलंस ते 'नवरीच्या मेकअपचे किती?' आणि तिने त्याचंच उत्तर दिलं. त्या रकमेत एक चेहरा, तिच्या सोयीची वेळ आणि तिच्या सोयीची जागा एवढंच धरलेलं असतं. तुझा दिवस तसा नाही. पाच जणी आहेत, सकाळची वेळ आहे, जागा तिच्या कामाच्या ठिकाणापासून लांब आहे. या प्रत्येक फरकाला तिचे पैसे किंवा तिचा वेळ लागतो. तिने हे पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं, हे मात्र खरं. पण अ‍ॅडव्हान्स घेऊन गप्प बसणारी आणि लग्नाच्या सकाळी आकडा वाढवणारी आर्टिस्टही असते. तुझी तशी नाही. तिने 4 महिने आधी सांगितलंय, म्हणजे हातात वेळ आहे.

आता तुझी वही काढ. दर किती, हे थोडा वेळ बाजूला ठेवू आणि आधी घड्याळाचा हिशेब करू, कारण या कामातला निम्मा छुपा खर्च वेळेतून येतो. नवरीचा मेकअप आणि केस मिळून साधारण अडीच तास धर. बाकीच्यांना मेकअप आणि केस दोन्ही हवे असतील तर प्रत्येकी जवळपास एक तास. म्हणजे चौघींचे 4 आणि तुझे अडीच, एकूण साडेसहा तास. फोटोंसाठी 9 वाजता तयार असायचं ठरलं, तर एकट्या आर्टिस्टला पहाटे अडीचला काम सुरू करावं लागेल. हे कुणालाच झेपणारं नाही, म्हणून मदतनीस येते. दोघी मिळून काम करणार असतील तरीही मध्ये चहा, फोन, हरवलेली पिन धरून साडेपाचला सुरुवात करावी लागेल. साडेपाचला सुरुवात म्हणजे त्यांना घरातून चारच्या आसपास निघायचं, तेही जड बॅगा घेऊन. म्हणून पहाटेचे पैसे आणि गाडीचे पैसे. तू वेगवेगळे लिहिलेले हे तिन्ही खर्च खरं तर एकाच गोष्टीमुळे वाढलेत, आणि ती म्हणजे तयार होणाऱ्यांची संख्या.

रकमेचंही तसंच मांडून बघू. समजा, नवरीच्या मेकअपचा दर 100 आहे. पुढचे आकडे फक्त समजण्यासाठी घेतलेत, तुझ्या आर्टिस्टचे आकडे त्या जागी भर. केसांचे 25, ट्रायलचे 30, येण्याजाण्याचे आणि पार्किंगचे 12, पहाटेचे 10, मदतनिशीचे 15, लॅशेस (चिकटवायच्या पापण्या) आणि केसांचं एक्स्टेन्शन (वरून जोडायचे केस) मिळून 18. झाले 210. 100 वरून 210 वर आलीस आणि यात एकही खर्च बनावट नाही. आता घरातल्या चौघी, प्रत्येकी 35 धरले तरी 140. एकूण 350. म्हणजे ज्या खर्चाला तू 'त्यांचंही होऊन जाईल' म्हणून शेवटच्या ओळीत लिहिलंस, तो सगळ्या बिलाच्या 40 टक्के आहे. चौघींऐवजी दोघीच असल्या तर सरळ 70 वाचतात, आणि दोन तासांचं काम कमी झाल्यामुळे सुरुवात साडेसहावर जाते, मग पहाटेचे 10 ही कदाचित द्यावे लागणार नाहीत. पैसे वाचवायचे असतील तर इथे वाचतात. लॅशेसच्या दरावरून घासाघीस करून काही हाती लागत नाही.

म्हणून घरच्यांचा प्रश्न आधी सोडवू. आईला आणि बहिणीला यादीत ठेव, माझं स्पष्ट मत आहे. तुझ्या बरोबरीने त्या सगळ्या फोटोंत असणार, आणि आई त्या सकाळी इतकी धावपळीत असेल की तिला कुणीतरी अर्धा तास खुर्चीत बसवून ठेवणं हीच मोठी गोष्ट आहे. तरी आईला विचारून घे. पुष्कळ जणींना पूर्ण मेकअप नकोच असतो, केस नीट बांधून मिळाले आणि हलकासा बेस लागला की पुरतं. केवळ केसांचा दर बहुतेक आर्टिस्टकडे वेगळा आणि कमी असतो. मावशीला प्रेमाने सांग, की तुझी व्यवस्था जवळच्या पार्लरमध्ये करून देते, तिथे गर्दीही नाही आणि पहाटे उठायलाही नको. बहुतेकदा हा निरोप ऐकून सुटल्यासारखं वाटतं.

नणंदेचं थोडं नाजूक आहे. तिचा खर्च तू करायचा, असं कुणी ठरवलंय का? पत्रात तसं काही दिसत नाही. मला वाटतं तू मनातल्या मनात गृहीत धरलंयस, आणि तिला कदाचित पैशांचा विषय आहे हेही माहीत नसेल. तिला साधा निरोप पाठव: 'त्या दिवशी सकाळी मेकअप आर्टिस्ट येणार आहे. एका व्यक्तीच्या मेकअप आणि केसांचा दर इतका आहे. तुला तिच्याकडून करून घ्यायचं असेल तर अमुक तारखेपर्यंत कळव, म्हणजे तुझी वेळ राखून ठेवते.' दर लिहिलेला असला की तो कुणी द्यायचा हे वेगळं सांगावं लागत नाही. तुला तिला भेट म्हणूनच द्यायचं असेल तर जरूर दे, पण वहीत तो आकडा भेटीच्या रकान्यात लिही, मेकअपच्या नको. नाहीतर उगाच आर्टिस्ट महाग वाटत राहते.

एक गोष्ट आजच ठरव. त्या सकाळी 'अजून हिचंही जरा करून टाका' असं म्हणणारं कुणीतरी हमखास असतं. आर्टिस्ट नाही म्हणत नाही, संध्याकाळच्या बिलात ते नाव येतं. तुझ्या बाजूने होकार देण्याचा अधिकार एकाच व्यक्तीकडे ठेव आणि तिचं नाव आर्टिस्टला आधीच कळव. ती व्यक्ती तू नसावीस, कारण तुला त्या वेळी डोळे मिटून बसायचं असेल. बहीण चालेल. उरलेले पैसे देण्याचं कामही तिच्याकडेच सोपव आणि रक्कम आदल्या दिवशीच तिच्याकडे दे.

आता ट्रायल. पैसे कमी पडले की मुली सगळ्यात आधी यावर काट मारतात, आणि मला ते पटत नाही. बाकी काहीही कमी कर, ट्रायल ठेव. नवरीला कुठला बेस काळपट दिसतो, कुठल्या लॅशेसच्या गोंदाने डोळे चुरचुरतात, केसांचा अंबाडा तीन तासांत सैल होतो का, हे त्या सकाळी कळून काही उपयोग नसतो. लग्नाच्या साधारण 6 ते 8 आठवडे आधी ट्रायल घे. दिलेल्या पैशांचं चीज होण्यासाठी तो चेहरा लगेच धुऊन टाकू नकोस. दिवसभर तसाच राहू दे, जेव, हास, थोडा घाम येऊ दे. खिडकीच्या उजेडात एक फोटो काढ आणि एक फ्लॅश लावून काढ. फ्लॅशमध्ये चेहरा पांढुरका आला तर काही पावडरींमधल्या सिलिकामुळे किंवा सनस्क्रीनमधल्या झिंक ऑक्साइड, टायटॅनियम डायऑक्साइडमुळे प्रकाश परतून येत असतो. आरशात हे दिसत नाही, अल्बममध्ये दिसतं. ट्रायलला जाताना लग्नाच्या पोशाखाच्या रंगाचं आणि तशाच गळ्याचं काहीतरी घाल. आणि त्याच संध्याकाळी एखादा घरगुती समारंभ असेल तर ट्रायल त्या दिवशी ठेव, एका खर्चात दोन कामं होतील.

ट्रायलबद्दल दोन प्रश्न मात्र विचारून ठेव. हा लुक आवडला नाही तर दुसऱ्या ट्रायलचे किती? आणि ट्रायलनंतर काही बदल सुचवले, समजा लिपस्टिकचा रंग किंवा केस मोकळे, तर त्याने दर बदलतो का?

पॅकेजच्या नावांवर जाऊ नकोस. 'एचडी' या शब्दामागे कुठलंही ठरलेलं मोजमाप नाही. बारीक दळलेली, कॅमेऱ्यात थर न दिसणारी प्रॉडक्ट्स, एवढाच त्याचा अर्थ, आणि चांगली आर्टिस्ट ती साध्या पॅकेजमध्येही वापरते. तेव्हा नाव न विचारता विचार, की दोन पॅकेजमध्ये माझ्या चेहऱ्यावर नेमकं काय वेगळं लागेल. एअरब्रश खरोखर वेगळा प्रकार आहे, त्यात छोट्या कॉम्प्रेसरने पातळ फाउंडेशन फवारतात. तो हलका दिसतो आणि बराच टिकतो. पण कोरड्या त्वचेवर सालपटं उठून दिसू शकतात, आणि अश्रूंनी एखादी रेघ पडली तर बोटाने सारखी करणं अवघड जातं. तू रडणार असशील, तर जास्तीचे पैसे देऊन हे घेण्याआधी ट्रायलमध्ये करून बघ. माझ्या मते बहुतेक मुलींचं साध्या हाताच्या बेसवर उत्तम भागतं.

एक्स्टेन्शनबद्दल इतकंच विचार, की ते भाड्याने आहे की विकत, आणि खऱ्या केसांचं आहे की कृत्रिम. साध्या कृत्रिम केसांना गरम रॉड चालत नाही, ते वितळतात. म्हणजे कुरळे केस हवे असतील तर स्वस्तातलं घेऊन पुन्हा दुसरं घ्यावं लागतं. कुणा मैत्रिणीकडे तुझ्या रंगाशी जुळणारं असलं तर आर्टिस्टला ट्रायललाच दाखव. डोक्यावर माळायची फुलं आणि केसांतला दागिना कोण आणणार, तेही विचार. पुष्कळदा आर्टिस्ट ते फक्त बसवते, आणायचं आपल्याला असतं, आणि हे आदल्या रात्री लक्षात येतं.

समारंभ लांब असेल तर टच-अपचा प्रश्न येतो. आर्टिस्टला दिवसभर थांबवून ठेवलं तर ती तासांचे पैसे घेते, आणि ते योग्यच आहे, कारण त्या वेळात तिला दुसरं काम घेता येत नाही. पण प्रत्येकीला याची गरज नसते. जी लिपस्टिक तुला लावणार, तीच आधी विकत घे किंवा छोट्या डबीत थोडी मागून घे. सोबत तेल टिपायचे कागद, पिना, कानकाड्या. चेहऱ्यावर चकाकी आली की आधी कागदाने टिपायचं आणि मगच हलकी पावडर, हे बहिणीला ट्रायलच्या दिवशी शिकवून घे. संध्याकाळी पोशाख बदलून केस आणि डोळेही बदलायचे असतील, तर तो टच-अप राहत नाही. तो दुसरा लुक असतो आणि त्याचा दर वेगळाच. तुला दोन लुक हवेतच का, याचा विचार कर. एकच लुक ठेवून फक्त लिपस्टिक गडद केली आणि केस मोकळे सोडले तरी फोटोंत पुरेसा फरक दिसतो.

आता ज्या खर्चाचं तुझ्या पत्रात मला नावच दिसलं नाही तो. आर्टिस्टच्या बिलाबाहेरचं सगळं: केसांचा रंग, कट, थ्रेडिंग, व्हॅक्सिंग, नखं, आणि लग्नाआधीचे ते तीन-चार क्लीनअप. हे आपण महिन्याच्या नेहमीच्या खर्चातून करतो आणि मोजत नाही, पण 3 महिन्यांत त्याची रक्कम छोटी राहत नाही. त्याचा वेगळा रकाना कर. यातही एक गोष्ट मी आग्रहाने सांगेन: शेवटच्या 2 आठवड्यांत चेहऱ्यावर नवीन काहीही नको, कितीही सवलत मिळाली तरी. केसांचा रंग लावायचा असेल तर 48 तास आधी पॅच टेस्ट, कारण त्यातल्या पीपीडी या रसायनाची काहींना तीव्र अ‍ॅलर्जी असते. लॅशेसच्या काही गोंदांत लेटेक्स, म्हणजे रबर असतं आणि त्याचीही काहींना अ‍ॅलर्जी असते, तेही आधी विचार. आणि मुरुमांसाठी किंवा सुरकुत्यांसाठी रेटिनॉलसारखं काही लावत असशील तर व्हॅक्सिंग करणाऱ्या बाईंना आवर्जून सांग, त्वचा सोलून निघू शकते. चेहऱ्यावर चट्टा उठला तर डॉक्टरांचा खर्च, वाढीव मेकअपचा खर्च आणि जीवाची घालमेल, हे सगळं एका फुकटच्या चाचणीने टळतं.

उशिराचंही बोलून घे. तुझ्यानंतर तिचं दुसरं बुकिंग असेल, आणि तुमच्याकडे सगळं एक तास लांबलं, तर ती काय करेल? थांबली तर किती घेईल, आणि किती मिनिटांच्या उशिरापर्यंत काही घेणार नाही? तसंच, ती स्वतः आजारी पडली तर कोण येईल? बदली येणारीचं काम तुला आधी बघायला मिळेल का, आणि ती नको असेल तर पैसे परत मिळतील का? तारीख पुढे गेली तर अ‍ॅडव्हान्स नव्या तारखेला धरला जाईल का? लग्नच रद्द झालं तर अ‍ॅडव्हान्स सहसा परत मिळत नाही, कारण त्या तारखेला तिने इतरांना नाही म्हटलेलं असतं. पण तारीख बदलणं आणि रद्द होणं हे दोन वेगळे प्रसंग आहेत, आणि दोन्हींचं उत्तर वेगळं मिळायला हवं.

तू लिहिलंस की विचारायला संकोच वाटतो, तिचा मूड बिघडेल. हे वाचून मला वाईट वाटलं, कारण कितीतरी मुली याच भिडेपोटी गप्प बसतात आणि मग लग्नानंतर महिनाभर ते बिल मनात खुपत राहतं. जी हे काम रोज करते, तिच्यासाठी हे प्रश्न नेहमीचे आहेत. किंबहुना नीट विचारणारी नवरी तिला सोपी जाते, कारण त्या सकाळी वाद होत नाही. फोनवर बोलू नकोस, लिहून पाठव. असं काहीसं:

'नमस्कार. माझ्या दिवसाचं सगळं एकत्र लिहून पाठवते. अमुक ठिकाणी, 9 वाजता पूर्ण तयार. माझा मेकअप, केस, लॅशेस, एक्स्टेन्शन. आईचे फक्त केस आणि हलका बेस. बहिणीचं दोन्ही. एक ट्रायल. मदतनीस, येणंजाणं, पहाटेचे पैसे आणि कर असेल तर तोही, हे सगळं धरून एकूण किती होईल ते कृपया लिहून कळवाल का? यात न येणारी आणि पुढे लागू शकणारी एखादी गोष्ट असेल तर तीही सांगा. मी दिलेला अ‍ॅडव्हान्स यातून वजा होईल ना?'

शेवटचं वाक्य काढू नकोस. आणि शेवटून दुसरं तर सगळ्यात महत्त्वाचं आहे, कारण जी गोष्ट तुला विचारायला सुचणार नाही ती त्या वाक्यामुळे तिला आठवते. आकडा आला की तो जास्त वाटल्यास सरळ 'कमी करा' म्हणू नकोस. 'माझ्याकडे इतके आहेत, यात काय बसवता येईल?' असं विचार. ती मदतनीस न आणता आधी तुझ्या आईचे केस करून घेण्याचा मार्ग सुचवेल, किंवा तू तिच्या स्टुडिओत गेलीस तर येण्याजाण्याचे पैसे वाचतील असं सांगेल. तिला या कामाच्या खाचाखोचा आपल्यापेक्षा जास्त माहीत असतात.

आलेल्या एकूण रकमेवर 10 टक्के बाजूला ठेव. वरच्या उदाहरणातल्या 350 वर ते 35 होतात, म्हणजे नेमका एका जास्तीच्या व्यक्तीचा खर्च. तेवढी गरज बहुधा पडतेच.

लेखी उत्तर येण्याआधी कितीही नव्या गोष्टी कळल्या तरी त्याचा राग धरू नकोस. लेखी आल्यानंतर, यादीत काही बदललेलं नसताना आकडा वाढला, तर मात्र ते खपवून घेऊ नकोस. आणि ती लिहून द्यायलाच तयार नसेल, 'बघू हो त्या दिवशी' म्हणत असेल, तर अ‍ॅडव्हान्स गेला तरी चालेल, दुसरी बघ. 4 महिने त्यासाठी पुरेसे आहेत, 4 आठवडे नसतील. म्हणून निरोप आज रात्रीच पाठव, आणि उत्तरासाठी एक आठवडा थांब.

– ताई